टीजी-६, तिची केस आणि एक सिलिकॉनची रिंग : एका सीझनच्या वापरानंतर

मालवणच्या होड्या किनाऱ्यावर चढल्या, सीझन संपला, आता सविस्तर लिहितो. पाण्याखाली फोटो काढायच्या ऑलिंपस टीजी-६ या छोट्या कॅमेऱ्याबद्दल भरपूर लिहून झालंय. १२ मेगापिक्सेल, एफ २ ची लेन्स, केसशिवाय १५ मीटर खोली, रॉ फाइल हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. मला लिहायचंय ते कॅमेरा ज्यात घालून खोल नेतात त्या केसच्या मागच्या दारात बसणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या ओ-रिंगबद्दल. एवढीशी वस्तू, पण अख्खा कॅमेरा तिच्या भरवशावर पाण्यात उतरतो.

माझी केस कॅमेऱ्याच्या कंपनीची नाही, दुसऱ्याच एका उत्पादकाची आहे. स्वस्त पडली म्हणून घेतली, ४० मीटरचं रेटिंग आहे. नाव देत नाही. पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. बटणं मोठी आहेत, हातमोजे घालूनही दाबता येतात आणि काच स्वच्छ आहे.

मार्चमध्ये किल्ल्याच्या मागच्या खडकांवर उतरलो, तेव्हा पहिल्या दीड-दोन मीटरमध्येच खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक मणी दिसला. केस हलवली तसा तो काचेवरून घरंगळत दुसऱ्या कोपऱ्यात गेला. लेन्सचं तोंड खाली धरलं, म्हणजे पाणी कॅमेऱ्याच्या पाठीकडे न जाता पुढे काचेपाशी साठतं, आणि तसाच वर आलो. होडीवाल्या दादांनी हात पुढे केला. "पाणी गेला की काय आत?" गेलं होतं. चमचाभरच, पण खारं.

केस खोल पाण्यात गळते असा पुष्कळांचा समज असतो. बहुतेक वेळा उलट होतं. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, तो दार आणखी घट्ट दाबतो आणि रिंग खाचेत पक्की बसते. धोका असतो तो वरवरच्या पाण्यात, होडीवरून उडी मारताना, नाहीतर धुवायच्या बादलीत. तिथे दाब नसतो आणि रिंग थकलेली असली की फट राहते. म्हणून उतरताना दोन मीटरवर थांबून केस डोळ्यांसमोर फिरवून बघायची सवय लावून घ्या.

घरी रिंग काढून भिंगाखाली धरली. वाळू नाही, डोक्याचा केस नाही, धागा नाही. पण गोल असायला हवी ती एका बाजूने चपटी झाली होती. सिलिकॉन सतत दाबाखाली राहिलं की तसंच बसतं, परत फुगत नाही. केस कड्या लावून कपाटात ठेवायची नाही, दार सैल ठेवायचं किंवा रिंग काढून ठेवायची, ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापायला हवी होती. माझ्याबरोबर आलेल्या पत्रकात तिचा उल्लेखही नाही. जादा रिंगही डब्यात नव्हती.

आता सर्व्हिसचा किस्सा. मेल केला, आठवडाभराने उत्तर आलं की रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण मागचं दार बदलावं लागेल. दाराची किंमत केसच्या निम्म्याहून जास्त. फोन केला तर तेच. रिंगचा व्यास आणि जाडी तरी सांगा म्हटलं, तर "ती माहिती आम्ही देत नाही." मला खरोखर राग आला. दर वर्षी बदलायची वस्तू तुम्ही सुटी विकत नाही, याचा अर्थ ग्राहकाने दर वर्षी दार विकत घ्यायचं. पैसे जपून वापरणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नाही.

मग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो. सील, बेअरिंग, पाइपांच्या फिटिंगची दुकानं तिथे ओळीने आहेत. एका सेठनी जुनी रिंग बोटांत फिरवली आणि म्हणाले, "ये तो बैठ गया है." व्हर्नियर लावून जाडी तीन ठिकाणी मोजली, चपटी जागा सोडून. खाचेची रुंदी आणि खोली बघायला केसही मागितली. मी नेली होतीच. काळी नायट्राइल रबराची रिंग काढली, परत ठेवली आणि तितक्याच मऊपणाची सिलिकॉनची दिली. दाम ऐकून सर्व्हिसवाल्यांची आठवण आली. दोन घेतल्या.

लगेच कॅमेरा घालून उतरायचं नाही. रिकाम्या केसमध्ये टिश्यू पेपर आणि शिशाचं वजन घालून आधी खाली नेऊन आणायची. टिश्यू कोरडा निघाला, तेव्हाच कॅमेरा आत गेला. ग्रीसचंही सांगतो : रिंगला जेमतेम चकाकी येईल इतकंच लावा. पाणी अडवायचं काम रिंगचं आहे, ग्रीसचं नाही. जास्त लावलं की तारकर्लीची बारीक वाळू त्यावरच येऊन बसते. सिलिकॉनची रिंग काही ग्रीसमध्ये फुगते, म्हणून रिंगला चालणारंच वापरा.

कॅमेऱ्याचं काय झालं? काही नाही. तो स्वतःच १५ मीटरपर्यंत जलरोधक, त्यामुळे चमचाभर पाण्याने त्याला ढिम्म फरक पडला नाही. गोड्या पाण्यात धुतला, पुसला, संध्याकाळी परत सुरू. साध्या कॅमेऱ्याचं तिथेच संपलं असतं. टीजी घ्यायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

आता मायक्रोस्कोप मोड, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू मोठी करून टिपायची सोय. नोव्हेंबरात मी मित्रांना सांगत होतो की हे दुकानात नाण्यांचे फोटो काढून दाखवायचं खेळणं आहे. ते मत आता पूर्ण बदललंय. मी निकॉनॉस-५ या पाण्याखालच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर शिकलो. रोलला ३६ फोटो, अंतर अंदाजाने लावायचं आणि मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, लेन्सपुढे तारेची चौकट. जो जीव त्या चौकटीला घाबरला नाही त्याचाच फोटो. इथे १ सेंटिमीटरपर्यंत फोकस मिळतो. केसची काच मध्ये येते म्हणून ते सगळं अंतर वापरता येत नाही, तरी पुरून उरतं.

आणि मालवणच्या पाण्यात हेच हवं. पाणी चांगलं म्हणावं त्या दिवशीही चार-पाच मीटरपुढे धूसर. लांबून फ्लॅश मारला की मधला सगळा गाळ उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात. मधलं पाणीच कमी केलं की गाळही कमी. एप्रिलमध्ये एका कपारीत नखाएवढी न्यूडीब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, सापडली. डाव्या हातात टॉर्च, बाजूने उजेड. डोक्यावरच्या दोन शिंगांच्या चकत्या एकेक मोजता येत होत्या. याच शिंगांनी ती पाण्यातला वास घेते. केस थोडी जवळ नेली तशी पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा तिने चटकन आत ओढला. मी श्वास मंद करून जागेवर राहिलो. थोड्या वेळाने एकेक पाकळी परत बाहेर आली. तो फोटो मी मोठा छापून घेतलाय. इतकी वर्षं पाण्यात काढूनही असं काही दिसलं की मला दुसरं काही सुचत नाही.

उणिवा आहेत. शटरचा वेग हातात नाही, फुल मॅन्युअल नाही, ॲपर्चरही नावापुरतं. रुंद फोटो साधारण येतात; अंदमानात स्वराज द्वीपला नेणार असाल आणि माशांचे थवे टिपायचे असतील तर वाइड लेन्स जोडावी लागेल. १० मीटरखाली लाल रंग जवळपास उरत नाही, त्यामुळे रंग सुधारणारा पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स लावूनही दूरचं सगळं निळं-हिरवंच. बॅटरी फ्लॅशसह दोन डायव्ह काढते, तिसऱ्याला भरवसा नाही.

२०२३ मध्ये टीजी-७ आली, चार्जिंग यूएसबी-सी झालं. तेवढ्यासाठी बदलायची गरज मला वाटत नाही. वापरलेली टीजी-६ मिळत असेल तर जरूर बघा, पण बॅटरीचं आणि चार्जिंगचं अशी दोन्ही झाकणं उघडून आतलं रबर नखाने चाचपा, मिठाची पांढरी रेघ दिसली तर सोडून द्या. केस घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : सुटी रिंग मिळते का? मिळत नसेल तर दुसरी केस बघा.