दौत घ्यायची तर बोहेमियाची की बर्मिंगहॅमची?

नौपाड्यातल्या आमच्या घरी दोन जुन्या दौती शेजारीशेजारी आहेत. एक बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागाची, रंगीत काच आणि पितळी वेलबुट्टीचं झाकण. दुसरी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, पैलूदार बिनरंगी काच आणि चांदीचा गळा. चोरबाजारात अशी जोडी दिसली, कुठली उचलू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, घरात चांदी पुसणार कोण?

इंग्लिश दौत पारखायला सोपी. सोबत भिंग न्या. चांदीवर चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचा छाप, शेजारचं अक्षर वर्षाचं. काचेवर बोट फिरवा, हाताने कापलेल्या पैलूची कड बोटाला लागते, साच्यातली गुळगुळीत जाते. विक्रेता अख्खी दौत तोलून चांदीचा भाव सांगू लागला तर सरळ उठा. वजन असतं ते काचेचं.

बोहेमियाच्या दौतीची गंमत वेगळी. उन्हात धरली की मोराच्या मानेसारखा रंग पालटतो. तापलेल्या काचेला धातूच्या क्षारांची वाफ देऊन आणलेला हा रंग नुसता वरचा थर असतो, घासला की गेला. विक्रेते सरसकट 'लोएट्झ' म्हणतात, हा बोहेमियातला नावाजलेला काच कारखाना. पण त्या कारखान्याचा बराच माल बिनसहीचा, आणि क्रालिकसारखे शेजारी कारखानेही तशीच काच काढत. सही नंतर कोरलेलीही निघते. म्हणून नावाचे जादा पैसे देऊ नका, काच आवडली तर काचेचे द्या.

दोन्हींत झाकण उघडून काठावर नख फिरवा. टवके तिथेच, झाकण आपटून उडालेले असतात. बिजागरी डुगडुगते का आणि आतली काचेची वाटी जागेवर आहे का, तेही बघा. माझ्या दौतीत ती नव्हती, हे घरी आल्यावर कळलं.

ठाण्याच्या पावसाळ्यात चांदी काळवंडते, पितळ हिरवं पडतं. मी एकदा पितळेला चिंच लावली. पानांच्या खाचांतला जुना काळपटपणा गेला, झाकण भांड्यांच्या दुकानातल्या तांब्यासारखं झालं आणि नक्षी सपाट दिसायला लागली. चांदी पुसायला निदान मऊ फडकं पुरतं. बुडवून मात्र दोन्ही धुऊ नका, धातूचा गळा बहुधा प्लास्टरने बसवलेला असतो.

रोज हाताळायची असेल तर इंग्लिश घ्या. उजेडाच्या खिडकीशी नुसती ठेवायची असेल तर मी बोहेमियाचीच घेईन. परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायची असेल तर दोन्ही नकोत, 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपुढची कलावस्तू खासगीरीत्या बाहेर नेता येत नाही.