इकितोसची सात दिवसांची आयावास्का शिबिरं: मानसिक आघातासाठी कितपत योग्य?

पेरूतल्या इकितोसला बाहेरून रस्ता जात नाही. लिमाहून विमान, नाहीतर नदीतून बोट. तिथून बोटीनं आणि चिखलवाटेनं जंगलात शिरलं की शिबिरं लागतात. त्यांचं नेहमीचं पॅकेज सात दिवसांचं: चार रात्री आयावास्का हा मनावर परिणाम करणारा वनस्पतींचा काढा प्यायचा, आणि साधारण एक ते तीन हजार डॉलर. लहानपणचा छळ, लैंगिक अत्याचार, हिंसा असं काही वर्षानुवर्षं अंगात मुरलेल्या माणसाला हे पॅकेज कितपत मानवेल, एवढंच इथं पाहू. मत आधीच सांगतो: बहुतेकांसाठी ते घाईचं आहे.

काढा दोन वनस्पतींचा. आयावास्काची वेल आणि चाक्रुनाची पानं. पानांत डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं. ते नुसतं पोटात गेलं तर आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ नावाचं विकर ते निष्प्रभ करतं. वेलीतलं हार्मिन त्या विकराला काही तास अडवतं, म्हणून काढा चढतो. अर्ध्या-पाऊण तासात सुरुवात होते, पुढचे दोन तास जोराचे, आणि एकूण चार ते सहा तास. प्रत्येक वेळच्या काढ्याची ताकद निराळी असते, त्यामुळे 'किती पेले' हा आकडा फारसा कामाचा नाही. चांगली माएस्त्रा (विधी चालवणारी वैदू) पहिल्या रात्री कमीच देते आणि पुढचा पेला तुमच्याकडे बघून ठरवते. सगळ्यांना एकाच मापानं ओतून देणाऱ्या ठिकाणी सावध राहा.

विधी मालोका नावाच्या मोठ्या गोल झोपडीत, काळोखात होतो. गोलाकार गाद्या, प्रत्येकापाशी उलटीसाठी बादली. शिपिबो जमातीचे वैदू एकेकासमोर बसून इकारो गातात. ही गाणी पार्श्वसंगीत नव्हेत. तिथल्या समजुतीनुसार उपचार गाण्यातूनच होतो, काढा त्याला वाट करून देतो.  म्हणूनच वैदू किती आणि माणसं किती हे आधी विचारावं. दोन वैदूंमागे पंचवीस जण असतील तर पाच तासांत तुमच्या वाट्याला फार तर वीस-पंचवीस मिनिटं येतात, आणि भीतीनं गोठलेला माणूस अंधारात कुणाच्या ध्यानातही येत नाही. आघात झालेल्या माणसाचं बऱ्याचदा असंच होतं. तो ओरडत नाही, हलत नाही, शांत पडलेला दिसतो; मदतनीस समजतात, ठीक चाललंय. नवशिक्या मदतनीसांची सर्वांत मोठी चूक हीच.

जाहिरातीत न येणारी एक गोष्ट: जुन्या पद्धतीत काढा बहुतेकदा वैदू पीत, रोग्यानं पिणं सक्तीचं नव्हतं. त्यामुळे एखादी रात्र न पिता नुसतं गाणं घेणं हे परंपरेला धरूनच आहे. ज्याच्या शरीराचं त्याच्या मर्जीविरुद्ध काही झालंय, त्याला 'आज नको' म्हणता येणं हाच उपचाराचा पाया. 'तिसऱ्या रात्री प्यायलो नाही तर चालेल का?' हा प्रश्न ईमेलवरच विचारा. 'औषधावर विश्वास ठेवा' असं उत्तर आलं, तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

तपासणी हा बहुतेक शिबिरांचा कच्चा भाग. पथ्याची यादी लांबलचक असते: डुकराचं मांस नको, मीठ नको, साखर नको, मुरलेलं चीज नको, दारू नको, शरीरसंबंध नको. औषधांबद्दल मात्र एखादीच ओळ. हे उलटं असायला हवं. वेल ते विकर काही तासच अडवत असल्यानं खाण्यातून होणारा धोका तुलनेनं कमी; खरा धोका औषधांचा. नैराश्यावरच्या एसएसआरआय आणि एसएनआरआय गोळ्या, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्यासोबत काढा घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: ताप, थरथर, ताठरलेले स्नायू, गोंधळ, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. सगळ्या गोळ्यांना सरसकट 'दोन आठवडे आधी बंद' सांगणारं शिबिर चूक सांगतं. फ्लुओक्सेटिन ही एसएसआरआय गोळी शरीरातून जायला पाच-सहा आठवडे लागतात. त्यात गोळी एकदम थांबवली की मूळ आजार उसळतो, आणि माणूस सर्वांत हळव्या अवस्थेत मालोकात पोचतो. गोळी कमी करायची की नाही हे फक्त ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं. 'नाही' म्हणाले तर प्रवास रद्द. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, लिथियम सुरू असेल, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार किंवा गर्भारपण असेल, तर चांगलं शिबिर पैसे घेण्याआधीच नकार देतं. असा नकार देणारी जागा विश्वासाची.

काढ्यात तोए घालतात का, हेही स्पष्ट विचारा. त्या झाडात स्कोपोलामिन असतं. त्यानं भ्रम होतो, आठवण पुसली जाते, आणि मात्रा थोडी चुकली तरी जिवावर बेततं.

स्पर्शाबाबत ढिलाई नको. मापाचोचा, म्हणजे तिथल्या कडक तंबाखूचा, धूर डोक्यावर आणि हातांवर फुंकणं हा विधीचा भाग आहे. कपडे काढायला लावणं, रात्री एकटीला 'खास उपचारा'साठी बोलावणं हा कुठल्याही परंपरेचा भाग नाही. लैंगिक अत्याचाराच्या घटना घडलेल्या आहेत. बायकांनी, आणि असा आघात झालेल्या पुरुषांनीही, विधीत बाई वैदू आणि रात्रभर जागी बाई मदतनीस असेल तरच जावं. कांबो, म्हणजे बेडकाचा स्राव, पॅकेजात फुकट मिळाला तरी सोडून द्या. तो शिपिबो विधीचा नव्हे, आणि त्याआधी भरपूर पाणी पाजतात, त्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

गुण येतो का? ब्राझीलमधल्या नाताल इथं औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर चाचणी झाली: १४ जणांना एकदाच आयावास्का, १५ जणांना तसाच दिसणारा निष्क्रिय द्रव. सातव्या दिवशी आयावास्का घेतलेल्यांचं नैराश्य ठळकपणे कमी होतं. पण ते नैराश्य होतं, आघात नव्हे. रुग्ण निवडून घेतलेले, आणि डॉक्टर शेजारी. दुसरीकडे, दहा हजारांहून अधिक वापरकर्त्यांच्या एका जागतिक पाहणीत निम्म्याहून जास्त जणांनी नंतरच्या आठवड्यांत-महिन्यांत मानसिक त्रास सांगितला. त्यांतल्या साधारण १२ टक्क्यांनी त्यासाठी व्यावसायिक मदत घेतली.

म्हणूनच सात दिवसांत चार रात्री खटकतात. एका रात्रीत जे वर येतं ते पचायला मधले एक-दोन मोकळे दिवस लागतात. पेरूतल्याच तारापोतो शहरातलं ताकिवासी केंद्र १९९२ पासून व्यसनमुक्तीसाठी वनस्पती आणि मानसोपचार एकत्र वापरतं, आणि तिथला निवासी उपचार जवळपास नऊ महिन्यांचा असतो. त्यापुढे सात दिवस किती तोकडे! जायचंच असेल तर बारा दिवसांचं, तीनच विधींचं, रोज बोलायला प्रशिक्षित मानसोपचारक असलेलं शिबिर शोधा. शेवटच्या सकाळी गोलात बसवून पाच मिनिटं बोलू देणं म्हणजे मानसोपचार नव्हे.

काळोखात दिसलेलं दृश्य हा पुरावा नसतो. आधी न आठवलेला एखादा प्रसंग दिसला, तर तो खरा की मनानं रचलेला हे काढा सांगू शकत नाही. त्या जोरावर घरी फोन लावून कुणावर आरोप करू नका, नोकरी वा लग्न मोडू नका. निदान महिनाभर थांबा. परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली मानसोपचारकाची वेळ निघण्याआधीच ठरवा. परतीचं विमान शेवटच्या विधीच्या दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका. दोन रात्री इकितोसमध्ये काढा, सोबत कुणी ओळखीचं असेल तर उत्तम.