वांगावर नायसिनामाइड: आठ महिन्यांनंतर

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. त्यात सोलापूरचं ऊन आणि रोजची स्कूटी. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली ट्यूब लावली तर तीन आठवड्यांत चेहरा उजळला, आणि बंद केल्यावर लालबुंद होऊन सोलायला लागला. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. चेहरा शांत झाल्यावर त्यांनीच नायसिनामाइड सुचवलं, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचंच एक रूप.

ऑगस्टमध्ये सुरुवात केली. डॉक्टर ५ टक्के म्हणाले होते, मी सेल लागला म्हणून १० टक्क्यांची बाटली आणली. जास्त ते चांगलं, असं आपलं गणित! चौथ्या रात्री गाल असे चुरचुरले की पंख्याखाली बसून राहिले. ती बाटली आता जाऊबाईंकडे आहे, त्यांना काही होत नाही.

५ टक्क्यांवर आल्यावर पहिल्या महिन्यात नाकाचा तेलकटपणा कमी झाला, बस. वांग ढिम्म. दर रविवारी त्याच खिडकीपाशी फोटो काढत होते म्हणून कळलं, नाहीतर नोव्हेंबरात डागांच्या कडा विरायला लागल्यात हे आरशात दिसलंच नसतं. नवऱ्याने विचारलं, "हल्ली झोप चांगली होते का गं?"

हे औषध रंग तयार होणं थांबवत नाही, तयार झालेले रंगाचे कण वरच्या पेशींत जाण्याची वाट अडवतं. त्यामुळे ऊन लागलं की रंगाचा कारखाना पुन्हा जोरात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक बघत दुपारभर सनस्क्रीनशिवाय उभी राहिले. दोन महिन्यांची कमाई दोन दिवसांत गेली.

जाऊबाईंचा प्रश्न, गोळीच का नको? नायसिन, म्हणजे बी३चंच दुसरं रूप, त्याची मोठ्या डोसची गोळी घेतली तर चेहरा तापून लाल होतो. नायसिनामाइडने तसं होत नाही, पण वांगासाठी डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही. पोटातल्या बी३ची कमतरता ही वेगळीच गोष्ट. तिला पेलाग्रा म्हणतात. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून खरखरीत होते, गळ्याभोवती तर हारासारखा पट्टा उठतो. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हा आजार अभ्यासला होता. हे वाचून मी भाकरीकडे जरा संशयाने बघितलं. पण आमच्याकडे भाकरीबरोबर शेंगाचटणी असतेच, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असतं. मोठ्या माणसाला दिवसाला १४ ते १६ लागतं.

खर्च म्हणाल तर ३० मिलीची बाटली मला अडीच महिने पुरते, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन थेंब. सनस्क्रीनचा खर्च त्याहून जास्त, आणि माझ्या मते निम्मं काम त्याचंच.

डावा गाल जवळजवळ साफ आहे. उजव्यावर रुपयाएवढा डाग अजून आहे, फिका झालाय, पण आहे. ५ टक्क्यांची तिसरी बाटली चालू आहे.