पोराला समुपदेशन की आईबापाला प्रशिक्षण?

मूल सतत उलटून बोलतंय, काही सांगितलं की अंगावर येतंय, आणि डॉक्टरांनी कागदावर ओडीडी, म्हणजे सतत विरोध करण्याचा नि चिडण्याचा विकार, असं लिहिलंय, तर आपल्याकडं साधारण दोन वाटा असतात. मुलाला समुपदेशकाकडं बसवायचं, नाहीतर आईबापानं पालक-प्रशिक्षण घ्यायचं. आमचा मुलगा तिसरीत असताना आम्ही दोन्ही केलं.

समुपदेशनाला मी नावं ठेवणार नाही. राग चढायला लागला की ओळखायचं कसं, हे तो तिथंच शिकला. पण सेलूहून रेल्वेनं संभाजीनगर गाठायचं, शाळा बुडवायची, आणि आत गेल्यावर हा इतका गुणी की मॅडम म्हणायच्या, "किती छान बोलतो!" दार बंद, मी बाहेर बाकावर. भांडण व्हायचं ते रात्री, मोबाईल परत मागितला की. तेव्हा मी काय करायचं, हे कुणीच सांगत नव्हतं. मला खटकलं ते हेच.

प्रशिक्षणात सुरुवातच तिथून झाली. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतली भांडणं बारकाईनं पाहून हे चक्र मांडलं: आपण सांगतो, पोरगं ओरडतं, आपण सोडून देतो. ओरडलं की सुटका होते हे त्याला कळतं. आपल्यालाही घटकाभर शांतता मिळते, म्हणून पुढच्या वेळी आपण आणखी लवकर सोडतो. मग आम्ही स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद केलं. जवळ जायचं, "मोबाईल चार्जिंगला लाव" एकदाच म्हणायचं आणि थांबायचं. लावला की लगेच, "सांगितल्याबरोबर लावलास, बरं वाटलं." नाही लावला तर दुसऱ्या दिवशीचा मोबाईलचा वेळ निम्मा, भाषण नाही. सुरुवातीला ओरडणं वाढलंच, बरेच जण तिथंच सोडतात. त्यात आजी "जाऊ द्या, लेकरू आहे" म्हणत स्वतःचा फोन द्यायच्या. त्यांनाही सोबत न्यायला लागल्यावर फरक दिसला.

अर्थात वयाचं पाहावं. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१३ च्या शिफारशींत ३ ते ११ वयासाठी पालक-प्रशिक्षण आहे, तर ९ ते १४ साठी मुलांचे समस्या सोडवायला शिकवणारे गट. पोरगं त्याहून मोठं असेल, चोरी, मारामारी, घरातून पळणं सुरू असेल, तर एकटं प्रशिक्षण पुरणार नाही. घर, शाळा, मित्र सगळीकडं काम लागतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा नि अतिचंचलतेचा विकार, आहे का, हेही आधी तपासून घ्या.

पण मूल लहान असेल आणि पैसा, रजा एकाच गोष्टीला पुरणार असेल, तर मी प्रशिक्षणच घेईन. ते जवळपास मिळत नसेल तर समुपदेशकांना पहिल्याच भेटीत विचारा: आम्हालाही आत घेणार का?