मॅक्स१७०४८ बॅटरी गेज चिप: आठ महिन्यांचा अनुभव

बागेत मातीचा ओलावा मोजणारा एक डबा लावलाय. आत ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), एक १८६५० लिथियम सेल, वर छोटं सोलर पॅनेल. आधी दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज मोजायचो आणि त्यावरून टक्के काढायचो. पण लिथियम सेल ३.७ व्होल्टच्या आसपास इतका रेंगाळतो की ६० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक कळतच नाही, आणि शेवटी एकदम कोसळतो. डबा बंद पडला की आबांना बांधापर्यंत चालत जावं लागायचं. म्हणून सेल किती टक्के भरलाय ते सांगणारी ही चिप घेतली.

वाचायला सोपी आहे. आयटूसीवर (दोन तारांची जोडणी, जिच्यावरून कंट्रोलर चिपशी बोलतो) पत्ता हेक्समध्ये ३६, रजिस्टर म्हणजे चिपमधल्या खणांपैकी ०२ मध्ये व्होल्टेज, ०४ मध्ये टक्के. तरी पहिल्याच दिवशी बॅटरी १२८.३४ टक्के दिसली! चिप वरचा बाइट आधी पाठवते, मी दोन्ही बाइट उलटे जोडले होते. पहिला ८७, दुसरा १२८. दुसऱ्याला २५६ ने भागायचं. खरा आकडा ८७.५.

खरा त्रास झाला तो क्विक-स्टार्टचा. वाटलं, दर वेळी ईएसपी३२ला झोपेतून जाग आल्यावर चिपला नव्याने अंदाज बांधायला सांगितलेलं बरं, म्हणून ती कमांड सेटअपमध्येच टाकली. त्याच वेळी वाय-फाय चालू व्हायचं, व्होल्टेज दबायचं, आणि चिप तेच निवांत सेलचं व्होल्टेज धरून हिशोब करायची. सकाळी ६४ टक्के, तासाभरात ४१, मग पुन्हा ५८. तीन आठवडे मी सेललाच दोष देत होतो, एक चांगला सेल बदललासुद्धा. ती एक ओळ काढली आणि आकडे शांत झाले. ईएसपी३२ झोपलेला असतानाही चिप सेलवर जागीच असते, तिचा हिशोब चालू असतो. आपण फक्त वाचायचं, मध्ये हात घालायचा नाही.

रजिस्टर १६ (हेही हेक्समध्ये) मला फार आवडलं. त्यातल्या आकड्याला ०.२०८ ने गुणलं की तासाला किती टक्के भरतंय किंवा उतरतंय ते कळतं. दुपारी ४३ येतो, म्हणजे जवळजवळ ९ टक्के. पॅनेलवर धूळ बसली की हाच आकडा आधी खाली येतो. मात्र तो चिन्हासकट वाचा, नाहीतर रात्री उणे १ च्या जागी ६५५३५ दिसेल.

चिप करंट मोजत नाही, त्यामुळे किती एमएएच (मिलीअँपिअर-तास) उरले ते ती सांगणार नाही. तापमानही तिला आपणच कळवायचं. उन्हाळ्यात डबा तापतो, म्हणून मी वेगळा सेन्सर लावून दर वाचनाला तापमानाच्या भरपाईचा आकडा चिपमध्ये लिहितो.

अलर्ट २० टक्क्यांवर ठेवलाय. आबा आता फोनवर आकडा बघतात आणि पॅनेल पुसायचं असेल तरच फडकं घेऊन निघतात.