मे, माइट, कुड की कॅन? 'शकतो'साठी इंग्रजीत कोणता शब्द घ्यायचा

'आज पाऊस पडू शकतो' हे इंग्रजीत सांगायचं म्हटलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, 'इट कॅन रेन टुडे'. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. ही चूक भल्याभल्यांची होते, आणि त्यांचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून नव्हे. 'कॅन म्हणजे शकणे' हे समीकरण शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि मराठीतलं 'शकणे' दोन वेगळी कामं करतं. 'ती पोहू शकते' यात तिची क्षमता आहे. 'ती उद्या येऊ शकते' यात आपला अंदाज आहे. इंग्रजीत ही दुसरी जबाबदारी मुख्यतः 'मे', 'माइट' आणि 'कुड' उचलतात.

मग शक्यता सांगताना 'कॅन' वापरायचंच नाही का? वापरायचं, पण एखादी गोष्ट मुळात तशी होत असते एवढंच सांगायचं असेल तेव्हा. 'ईव्हन एक्स्पर्ट्स कॅन मेक मिस्टेक्स' म्हणजे तज्ज्ञांचंही चुकतं. यात आजच्या कुठल्या घटनेबद्दल अंदाज नाही, माणसाच्या स्वभावाबद्दलचं विधान आहे. मी यासाठी एक साधी कसोटी लावते: वाक्यात 'कधीकधी' घालून बघायचं. 'तज्ज्ञांचंही कधीकधी चुकतं' हे बसतं, म्हणून तिथे 'कॅन' चालेल. 'आज दुपारी कधीकधी पाऊस पडेल' यात जी शंका सांगायची आहे तीच हरवते, म्हणून तिथे 'मे', 'माइट' किंवा 'कुड'. उद्या उशीर होईल असं वाटत असताना 'आय कॅन बी लेट टुमॉरो' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हाला उशिरा यायची मुभा आहे. 'आय माइट बी लेट टुमॉरो' लिहा, प्रश्न मिटतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मे' हा शब्द जुन्या इंग्रजीत बळ असणं, समर्थ असणं या अर्थाचा होता. त्याचाच भाऊबंद असलेलं 'माइट' हे नाम आजही ताकद या अर्थाने वापरतात. 'कॅन'चा मूळ अर्थ होता जाणणं, माहीत असणं. आणि आपल्याकडे 'शक्ती' आणि 'शक्यता' एकाच धातूतून आलेल्या. बळाकडून शक्यतेकडे जाणारी वाट दोन्ही भाषांना सापडली, फक्त ती चालणारा शब्द वेगळा निघाला. 'शकणे'च्या जागी 'कॅन' बसवताना आपण फसतो ते यामुळेच. अर्थाच्या प्रवासाने पाहिलं तर 'शकणे'ला खरा जवळचा 'मे'.

आता 'मे', 'माइट' आणि 'कुड' या तिघांतून कोणाला निवडायचं? 'मे'ने शक्यता जास्त आणि 'माइट'ने कमी दिसते, असं शिकवलं जातं. रोजच्या वापरात हा फरक फार पातळ झाला आहे. बोलणारा कोणत्या शब्दावर जोर देतो, त्यावरून शंका किती ते जास्त कळतं. माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे. 'मे'ला परवानगीचाही अर्थ आहे. 'स्टुडंट्स मे लीव्ह अर्ली' याचा अर्थ विद्यार्थी लवकर जातील असा अंदाज, की त्यांना लवकर जायला हरकत नाही? दोन्ही निघतात. 'माइट'मध्ये हा घोळ जवळपास नाही. 'कुड'चा घोळ आणखी निराळा: 'वुई कुड गो टुमॉरो' हे अंदाजापेक्षा 'उद्या जाऊ या का' अशा सुचवणीसारखं ऐकू येतं. म्हणून बोलताना अडलात तर डोळे मिटून 'माइट' घ्या. औपचारिक लेखनात 'मे' शोभतं, फक्त ते परवानगीसारखं वाचलं जात नाही ना एवढं तपासा.

होकारी वाक्यात इकडचं तिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. नकारात मात्र अर्थ उलटतो, आणि सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यायला हवी. ही चार वाक्यं शेजारी ठेवून बघा:

'शी मे नॉट बी ॲट होम': ती घरी नसेलही.
'शी माइट नॉट बी ॲट होम': तोच अर्थ.
'शी कान्ट बी ॲट होम': ती घरी असणं शक्यच नाही.
'शी कुडन्ट बी ॲट होम': हेही अशक्यच, स्वर जरा मवाळ.

होकारात 'माइट' आणि 'कुड' गळ्यात गळे घालून चालतात आणि 'नॉट' आलं की थेट समोरासमोर उभे राहतात. कारण 'नॉट' कुठे चिकटतं ते बदलतं. 'मे' आणि 'माइट'मध्ये नकार घटनेला लागतो, शक्यता शाबूत राहते. 'कॅन' आणि 'कुड'मध्ये नकार शक्यतेलाच लागतो. मराठी कानाला हे नवीन नाही. 'ती घरी नसू शकते' आणि 'ती घरी असू शकत नाही' यांत आपण कधी गोंधळतो का? 'नसू शकते' असेल तिथे 'मे नॉट', 'असू शकत नाही' असेल तिथे 'कॅनॉट'. एवढी जोडी लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. कारण प्रसंग नेहमी घरी असण्या-नसण्याचाच असेल असं नाही. 'द ट्यूमर मे नॉट बी कॅन्सरस' म्हणजे ती गाठ कर्करोगाची नसेलही, आशेला जागा आहे. 'द ट्यूमर कॅनॉट बी कॅन्सरस' म्हणजे कर्करोग नाहीच, अशी ग्वाही. हे वाक्य दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्याने एक शब्द चुकवला, तर घरच्यांना खोटा दिलासा मिळतो.

भूतकाळातही अशीच एक सूक्ष्म जागा आहे. 'दे मे हॅव ड्राउन्ड' हे शोध अजून चालू असताना म्हणतात: बुडाले असतील, आपल्याला माहीत नाही. पाण्यातून ओढून काढलेल्या मुलाला आई म्हणते, 'यू माइट हॅव ड्राउन्ड', बुडाला असतास. 'असतील' आणि 'असतास' यांत जे अंतर आहे तेच इथे आहे. जे टळलं हे ठाऊक आहे त्यासाठी 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव' घ्या. हल्ली तिथे 'मे हॅव'ही वाचायला मिळतं, पण चोखंदळ वाचकाला ते खुपतं आणि मलाही खुपतं. जे अजून कळलेलं नाही, त्याला तिन्ही चालतात.

प्रश्न विचारताना 'मे' बाजूला ठेवा. 'मे आय कम इन' ही परवानगी झाली. 'हे खरं असेल का' असं विचारायचं तर 'कुड इट बी ट्रू'. आणि लिहिताना 'मेबी' हा जोडशब्द म्हणजे कदाचित, तर 'मे बी' हे दोन सुटे शब्द म्हणजे असेल. 'मेबी शी इज ॲट होम', पण 'शी मे बी ॲट होम'.

तांत्रिक दस्तऐवज लिहिणार असाल तर मात्र वरचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. इंटरनेटच्या मानकांसाठी मार्च 1997 मध्ये निघालेल्या आरएफसी 2119 या दस्तऐवजात 'मे'चा अर्थ ऐच्छिक असा ठरवून दिला आहे: करा किंवा करू नका, दोन्ही मान्य. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत 'मे' परवानगीसाठी राखलेलं आहे, आणि शक्यता व क्षमता सांगायला चक्क 'कॅन' वापरायचं असतं. म्हणजे रोजच्या बोलण्यात आपली चूक ठरणारी सवय तिथे नियम आहे. अशा मानकात 'द पंप मे ओव्हरहीट' लिहिलं, तर पंपाला तापायची परवानगी दिल्यासारखं होतं. तिथे 'द पंप कॅन ओव्हरहीट' हेच बरोबर.