छाया गोळी: पाळणा लांबवायला कितपत कामाची?

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘छाया’ आणि औषधाच्या दुकानातली ‘सहेली’ यांत औषध एकच आहे: सेंटक्रोमॅन, ३० मिलिग्रॅम, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं. माला-एन या रोज घ्यायच्या गोळीसारखे हार्मोन यात नाहीत. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही चालते, दूध आटत नाही. बीज बाहेर पडणं ही गोळी थांबवत नाही. गर्भाशयाचं अस्तर आणि बीज यांची वेळ ती जुळू देत नाही, म्हणून गर्भ रुजत नाही.

पाठीवर दुसरं मूल हवं आहे, पण इतक्यात नको, अशा जोडप्यासाठी ही गोळी चांगली आहे. फक्त वार पाळता आले पाहिजेत. बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. तो रविवार असेल तर पुढची बुधवारी, आणि तीन महिने दर रविवारी व बुधवारी. पाळी सोमवारी आली तर सोमवार-गुरुवार, मंगळवारी आली तर मंगळवार-शुक्रवार, याच हिशेबानं पुढे. तीन महिने झाले की आठवड्याला एकच, पहिली गोळी घेतली होती त्या वारी. मध्ये पाळी लवकर आली, उशिरा आली, तरी वार बदलायचा नाही. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसेल, तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून सिस्टर गोळी सुरू करून देतात.

एका पाकिटात ८ गोळ्या असतात. आठवड्याला दोन म्हटलं की पाकीट चार आठवड्यांत संपतं. पहिल्या भेटीत एकच पाकीट हातात पडलं आणि दुसरं आणायला उशीर झाला की खंड पडतो, तोही नेमका सुरुवातीच्या महिन्यांत, जेव्हा औषध अंगात पुरेसं साठायचं असतं. म्हणून आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून तीन पाकिटं एकदम मागून घ्या. नंतर एक पाकीट आठ आठवडे पुरतं.

गोळी विसरली तर आठवताच घ्यायची. सात दिवसांच्या आत आठवली तर ठरलेले वार तसेच चालू ठेवायचे, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर सगळं नव्यानं सुरू करायचं, पुन्हा तीन महिने आठवड्याला दोन. ‘एकच तर चुकली’ म्हणून पुढे चालत राहिलं की दिवस राहतात आणि दोष गोळीला लागतो.

काही जणींची पाळी लांबते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. हा औषधाचाच परिणाम आहे, पुढे बहुधा आपोआप बसतो. अंडाशयात गाठी (पीसीओएस), नुकतीच झालेली कावीळ, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग असेल तर ही गोळी नको. हे सिस्टरनं विचारलं नाही तर आपण सांगावं.

आता अंतराचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की बाळंतपणानंतर किमान २४ महिने पुढचे दिवस राहू देऊ नयेत, गर्भपातानंतर किमान ६ महिने. बाळ जून २०२५चं असेल तर पुढचा प्रयत्न जून २०२७ नंतर, म्हणजे धाकटं लवकरात लवकर मार्च २०२८ला. तोवर थोरलं पावणेतीन वर्षांचं होतं आणि आईच्या रक्ताची झीजही भरून निघायला वेळ मिळतो. मुलं किती, हा आकडा पहिल्याच वर्षी ठरवण्याचा आग्रह सासरमाहेर धरतं; आधी पुढच्या बाळाची तारीख ठरवणं जास्त शहाणपणाचं वाटतं.

या हिशेबात छाया सोयीची पडते, कारण बंद केल्यावर दिवस राहायला फार थांबावं लागत नाही. ‘अंतरा’ इंजेक्शनचं तसं नाही. दर तीन महिन्यांनी एक टोचलं की वार मोजायची कटकट नाही, पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. जून २०२७ला प्रयत्न करायचा तर शेवटचं इंजेक्शन सप्टेंबर २०२६च्या आसपास पडावं, आणि डिसेंबरपासून जूनपर्यंत निरोध हाताशी हवाच, कारण कुणाकुणाला दिवस लवकरही राहतात. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. तसं केलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही.

गोळीही नको आणि इंजेक्शनही नको, तर तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. तिचा ३८०-ए हा प्रकार दहा वर्षं चालतो, काढली की लगेच दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांत दवाखान्यातच बसवून घेता येते. एकावरच थांबायचं मनात असलं, तरी पंचविशीत नसबंदीची घाई करण्यापेक्षा तांबी बरी. मन बदललं तर वाट मोकळी राहते.

‘अंगावर पाजतेय, पाळीही नाही, मग भीती कसली’ यावर विसंबताना तीन अटी एकत्र लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाणीसुद्धा न देता रात्रंदिवस फक्त आईचं दूध, आणि पाळी अजून न आलेली. घुटी किंवा वरचं दूध सुरू झालं त्याच दिवशी छायाचं पाकीट आणायला निघावं. पाळी यायच्या आधीच बीज सुटतं. आणि गोळी चालू असताना पाळी १५ दिवसांहून जास्त लांबली, तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.